अपंगत्वाची पेन्शन मिनिस्ट्रीच्या पत्रावर नको, कायद्यात लिहून पाहिजे

भरतीच्या मैदानावर फौजेचे डॉक्टर पोराला कसं तपासतात हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहेत का, कोपर सरळ होतं का, दात किती, कान साफ आहेत का, आणि एवढ्याशा कारणावरून रनिंगमध्ये पहिला आलेला पोरगा संध्याकाळच्या एसटीने घरी परत जातो. याबद्दल माझी तक्रार नाही, लष्कराला धडधाकट माणूसच लागतो. माझी तक्रार पुढची आहे. शेप-1, म्हणजे सगळ्या बाबतीत तंदुरुस्त, म्हणून निवडून घेतलेला हाच माणूस आठ-दहा वर्षांनी, बर्फातली पोस्टिंग, वाळवंटातली पोस्टिंग, ईशान्येकडचं जंगल असं सगळं करून झाल्यावर, फिट येऊन पडतो किंवा डोक्याने खचतो, आणि मेडिकल बोर्डासमोर बसतो, तेव्हा तोच बोर्ड लिहितो की हा आजार त्याच्या शरीरातच होता, नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. फॉर्मवर फक्त एनएएनए अशी चार अक्षरं असतात, आणि त्या चार अक्षरांवर त्या घरात दर महिन्याला पैसे येणार की नाही ते ठरतं.

ही चार अक्षरं लिहिणं इतकं सोपं का आहे यावर मला बोलायचंय. माझं म्हणणं एवढंच आहे की शरीराने निकामी होऊन फौजेतून बाहेर पडलेल्या माणसाचा पैसा आज संसदेच्या कायद्यात कुठेच नाहीये. तो आहे पेन्शन रेग्युलेशनमध्ये, कुणाला पैसे मिळायचे ते ठरवणाऱ्या एंटायटलमेंट रूल्समध्ये आणि संरक्षण मिनिस्ट्रीच्या पत्रांमध्ये, आणि पत्र काय, कधीही बदलता येतं. कायदा बदलायचा तर सभागृहात उभं राहून कारण सांगावं लागतं. पत्र बदलायला एक सही पुरते.

आधी हिशोब समजून घेऊ, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं फौजीला सगळं आपोआप मिळतं. अपंगत्वाच्या पेन्शनचे दोन भाग असतात, सर्व्हिस एलिमेंट म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मे, आणि डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे 100 टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. अपंगत्व किमान 20 टक्के लागतं आणि ते नोकरीमुळे झालेलं किंवा वाढलेलं लागतं. 20 ते 49 टक्के असेल तर 50 धरायचं असा राउंडिंगचा नियम आहे. आता 35 हजार बेसिक आणि 5,200 मिलिटरी सर्व्हिस पे घेणारा हवालदार धरा, त्याला 50 टक्क्याने महिन्याला 6,030 रुपये बसतात, वर महागाई. एवढ्याशा रकमेसाठी माणसं दहा-पंधरा वर्षं कोर्टात भांडतायत, आणि समोर वकील कुणाचा उभा असतो तर भारत सरकारचा.

पंधरा वर्षं भरलेल्याला निदान साधी पेन्शन तरी मिळते. खरी वाट लागते ती दहा वर्षांच्या आत बाहेर पडलेल्याची. बोर्डाने नोकरीशी संबंध नाही असं लिहिलं की पूर्वी त्याला एकरकमी ग्रॅच्युइटी हातात ठेवून घरी पाठवायचे, विषय संपला. 2020 च्या जुलैमध्ये मिनिस्ट्रीने यात सूट दिली, दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी असली तरी इनव्हॅलिड पेन्शन मिळेल म्हणाले, पण अट काय, तर तो माणूस फौजेसाठीच नाही तर कुठल्याही सिव्हिल नोकरीसाठीसुद्धा कायमचा निकामी झालेला पाहिजे. म्हणजे वॉचमनची नोकरी करता येत असेल तर पेन्शन नाही. आणि हीसुद्धा पत्राने दिलेली सूट, उद्या दुसऱ्या पत्राने काढून घेतली तर कुणाला विचारायचं?

कोर्टाने काय सांगितलंय ते बघा. सिग्नल कोअरचा एक शिपाई नऊ वर्षं नोकरी करून 1994 मध्ये फिट्स येतात म्हणून बोर्ड आउट झाला, म्हणजे मेडिकल बोर्डाने नोकरीतून बाहेर काढला, 20 टक्के अपंगत्व, पेन्शन नाकारली. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला 2013 मध्ये. मधली एकोणीस वर्षं. कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो माणूस तेव्हा ठणठणीत होता असंच धरायचं, आजार नोकरीशी संबंधित नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा जवानाला. हे काही कोर्टाने नव्याने शोधून काढलेलं नव्हतं, 1982 च्या एंटायटलमेंट रूल्समध्ये हे सगळं आधीच लिहिलेलं होतं, पण ते पाळलं जात नव्हतं. आणि गंमत अजिबात नाही अशी गोष्ट पुढे आहे, 2008 मध्ये नियम नव्याने लिहिताना ते गृहीतकच काढून टाकलं. कायद्यात असतं तर असं गुपचूप काढता आलं असतं का? तरीसुद्धा दिल्ली हायकोर्टाला 2025 च्या मार्चमध्ये परत सांगावं लागलं की बोर्डाने कारणं द्यायला पाहिजेत, आजार पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत पोस्टिंगवर, सुरू झाला एवढंच लिहून हात झटकता येणार नाहीत.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त हवालदार आहेत, त्यांच्या घरी प्लास्टिकची एक फाइल आहे, ती ते लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या शेजारी ठेवतात. त्यात बोर्डाच्या कागदांची झेरॉक्स आहे, आणि जिथे कारणं लिहायची तो रकाना जवळपास रिकामा, एका ओळीत फक्त शरीरप्रकृतीचा आजार असं इंग्रजीत. खाली तीन सह्या. पुढे पहिलं अपील, फेटाळलं, दुसरं अपील, फेटाळलं, आणि दोन्ही उत्तरांची भाषा तंतोतंत सारखी, फक्त तारीख वेगळी. त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, माणूस तपासणारे वेगळे आणि उत्तर लिहिणारे वेगळे, आमच्याकडे बघितलं कुणीच नाही. मुंबईला फौजींच्या खटल्यांसाठीच्या ट्रिब्युनलचं बेंच आहे म्हणून सांगतो आपण, पण गावातून मुंबईला जाऊन वकील करणं हे सहा हजारांसाठी किती जण करणार? जे करत नाहीत त्यांची मोजदाद कुठेच होत नाही.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी याच कारणासाठी तज्ज्ञांची कमिटी नेमली होती, की आपलंच मंत्रालय आपल्याच अपंग जवानांच्या विरोधात सुप्रीम कोर्टापर्यंत का जातंय. कमिटीने त्याच वर्षी रिपोर्ट दिला आणि स्वच्छ सांगितलं की ही अपिलं मागे घ्या. गोव्याच्या माणसाने सरळ विचारलेला सरळ प्रश्न होता तो. पण कमिटीच्या शिफारशी म्हणजे शिफारशी, त्या पाळल्या नाहीत म्हणून कुणाला जाब विचारता येत नाही, आणि पुढची दहा वर्षं अपिलं येतच राहिली.

पत्राचा कारभार कसा असतो याचं आणखी एक उदाहरण. सातव्या वेतन आयोगाने डिसॅबिलिटी एलिमेंट टक्क्यांऐवजी ठरावीक रकमेचा करायला सांगितला, 100 टक्के अपंगत्वाला ऑफिसरला 27 हजार, जेसीओला, म्हणजे सुभेदार वगैरेंना, 17 हजार, जवानाला 12 हजार. 2016 च्या सप्टेंबरमध्ये ते लागूही झालं, आणि तेव्हा सिव्हिल कर्मचाऱ्यांना मात्र टक्क्यांचीच पद्धत ठेवली. बोंब झाली, मग 2017 च्या जुलैमध्ये परत टक्क्यांवर आले. पाय तोच तुटलेला, टक्के तेच, आणि दहा महिन्यांत दोन वेगवेगळे हिशोब. मग 2019 च्या जूनमध्ये इन्कम टॅक्सवाल्यांनी सर्क्युलर काढलं की अपंगत्वाच्या पेन्शनची करमाफी फक्त बोर्ड आउट होऊन गेलेल्यांनाच, अपंगत्व असूनही पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांना नाही. म्हणजे ज्याने जखमी असून जिद्दीने नोकरी पूर्ण केली त्याला टॅक्स. यावरही सुप्रीम कोर्टात जावं लागलं. आणि 21 सप्टेंबर 2023 पासून एंटायटलमेंट रूल्सच परत नवीन आले, नोकरीत राहून नंतर रिटायर होणाऱ्याच्या पैशाचं नाव इम्पेअरमेंट रिलीफ झालं. माझा मुद्दा यातलं कुठलं बरोबर कुठलं चूक हा नाहीये, काही बदल कदाचित योग्यही असतील, पण यातल्या एकाही बदलावर लोकसभेत मतदान झालं नाही.

आता कॅडेट, म्हणजे ऑफिसर होण्याचं ट्रेनिंग घेणारी मुलं. हा विषय आपल्या अगदी दारातला आहे कारण त्यांची एनडीए ही अकादमी खडकवासल्याला आहे आणि आपल्या राज्याने 1977 पासून संभाजीनगरला एसपीआय ही तयारी करून घेणारी संस्था काढून मराठी पोरं एनडीएत जावीत म्हणून पैसा खर्च केलाय, 2023 पासून नाशिकला मुलींसाठीही. साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची पोरं तिथे जातात, बॉक्सिंग, घोडेस्वारी, क्रॉस कंट्री, पाठीवर वजन घेऊन रात्रीची चाल. एखाद्याचा मणका जातो, एखादा डोक्यावर पडतो आणि कोमात जातो. अशी दरवर्षी दहा-वीस मुलं सगळ्या अकादम्यांतून मिळून बोर्ड आउट होतात, 1985 पासूनची बेरीज साधारण 500. यांना अपंगत्वाची पेन्शन नाही. कारण ते अजून ऑफिसर नाहीत. मग काय आहे, तर एक्स ग्रेशिया, म्हणजे सरकारने स्वखुशीने दिलेले पैसे, मूळ आकडा महिना 9,000, आणि 100 टक्के अपंगत्व असेल तर वर 16,200, टक्के कमी तसे पैसे कमी. सतत सांभाळायला माणूस लागत असेल तर त्याचे 6,750. याच मुलाला अपघात सहा महिन्यांनी, खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार लागल्यावर झाला असता तर 56,100 बेसिक आणि 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे धरून निम्मे 35,800 आणि त्यावर 21,480, म्हणजे मूळ 57 हजारांच्या वर. अपघात तोच, मणका तोच, मैदान तेच.

कुणी म्हणेल ट्रेनिंगमधला मुलगा अजून सैनिक झालेला नाही. मग ट्रेनिंग सेंटरमधला रिक्रूट, म्हणजे नवा भरती झालेला जवान, काय असतो? त्याची भरती झाली त्या दिवसापासून तो आर्मी अॅक्टखाली येतो आणि ट्रेनिंगमध्ये जखमी होऊन बोर्ड आउट झाला तर त्याला अपंगत्वाची पेन्शन मिळते, आणि ते योग्यच आहे. मग कॅडेटला का नाही याचं एकही धड उत्तर मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. उलट एनडीएची जाहिरात नीट वाचा, यूपीएससीच्या त्या लांबलचक नोटिफिकेशनच्या शेवटच्या पानांत आहे, मुलगा दाखल होण्याआधी आईवडिलांनी सर्टिफिकेट सही करून द्यायचं असतं की ट्रेनिंगमध्ये किंवा ट्रेनिंगमुळे मुलाला कुठलीही इजा झाली, किंवा त्या इजेवरच्या ऑपरेशनमध्ये, अगदी भूल देताना, अपंगत्व किंवा मृत्यू आला, तरी सरकारकडून भरपाई मागायचा हक्क मला नाही हे मला पूर्ण समजलंय. जिल्ह्यात पहिल्यांदाच कुणी एनडीएला निघालंय, घरात पेढे वाटतायत, पेपरवाले फोटो काढून गेलेत, आणि त्याच आठवड्यात बाप या कागदावर सही करतो. वाचून करतो का, आणि वाचून न करण्याची सोय आहे का? सही केली नाही तर जागा गेली. ही संमती नाही, आणि कुठल्याही खाजगी कंपनीने कामगाराकडून असं लिहून घेतलं तर आपण तिला कोर्टात उभं केलं असतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने पेपरातली बातमी वाचून स्वतःहून हा विषय हातात घेतला, आणि त्याच महिन्याच्या शेवटी या मुलांना ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची वैद्यकीय योजना लागू झाली. चांगलंच झालं. पण चाळीस वर्षांत जे झालं नाही ते दोन आठवड्यांत होतं म्हणजे त्यात पैशाची किंवा कायद्याची अडचण नव्हतीच, इतकी वर्षं फक्त कुणी विचारत नव्हतं. तोपर्यंत कॅथेटर, बेडसोरचं ड्रेसिंग, फिजिओ, व्हीलचेअर सगळं आईबापाच्या खिशातून. ज्याच्या मुलाचा मणका अठराव्या वर्षी गेला तो बाप आज सत्तरीत आहे आणि त्याला एकच काळजी आहे, माझ्यामागे याला उलटं-पालटं कोण करणार. पुण्यातच खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक सेंटर आहे, तिथे व्हीलचेअरवरचे जवान तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, बास्केटबॉल खेळतात, जाऊन बघावं प्रत्येकाने. आणि खडकवासला तिथून फार लांब नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, कारण ते खोटं नाहीये. सरकारचा हिशोब तपासणाऱ्या कॅगने 2023 मध्ये लिहिलंय की अपंगत्वाची पेन्शन घेऊन रिटायर होणाऱ्यांचं प्रमाण ऑफिसरांमध्ये जवानांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि त्यात बीपी, शुगर असले आजार बरेच आहेत. जवान जास्त खडतर नोकरी करतो आणि अपंगत्व ऑफिसरांना जास्त, हे कुणालाही खटकेल, मलाही खटकतं. रिटायरमेंटच्या तोंडावर बोर्डासमोर जाऊन टक्के लिहून घेणारे आहेत हे फौजेतले लोकच खाजगीत बोलतात. पण याचा उपाय म्हणून सगळ्यांचेच नियम घट्ट केले तर फास कुणाच्या गळ्यात बसतो? ज्याला इंग्रजीत अपील लिहिता येतं, ज्याच्याबरोबर ट्रेनिंग केलेला कोर्समेट दिल्लीत बसलाय, तो वाट काढतोच. अडकतो तो नायक रँकचा माणूस, ज्याला रकान्यात काय लिहिलंय तेच कळलं नाही. म्हणून कायदा पाहिजे असं म्हणताना मी सैल कायदा मागत नाहीये. बोर्ड आउट होऊन रोजी गेलेला माणूस आणि पूर्ण नोकरी करून पेन्शनवर आलेला बीपीचा पेशंट यांच्यात फरक करायचा असेल तर जरूर करा, पण तो कायद्यात उघड लिहून, चर्चा करून करा.

अमेरिकेत हाच झगडा वेगळ्या रूपात चालू आहे. तिथे रिटायरमेंटचे पैसे आणि अपंगत्वाचे पैसे असे दोन वेगळे हक्क आहेत, पण वीस वर्षं व्हायच्या आत मेडिकलवर बाहेर पडलेल्याला एकातून दुसरा वजा करून देतात, डॉलरला डॉलर. वीस वर्षं भरून 50 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी 2004 पासून ही कपात टप्प्याटप्प्याने बंद झाली, पण जो लढाईतल्या जखमेमुळेच वीस वर्षं भरू शकला नाही तो राहिला. मेजर रिचर्ड स्टार नावाचा ऑफिसर कॅन्सर झालेला असताना त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत होता, 2021 मध्ये गेला, त्याच्या नावाचं विधेयक तिथल्या संसदेत वर्षानुवर्षं अडकून राहिलं, कारण खर्च. म्हणजे तिथे न्याय मिळतोय असं मी म्हणत नाही. पण तिथे एखाद्या जखमी सैनिकाच्या बायकोला आपला प्रतिनिधी त्या विधेयकाच्या बाजूने आहे की नाही हे नावानिशी बघता येतं. आपल्याकडे ज्या अवर सचिवाच्या सहीने पत्र निघतं त्याला मत देऊन पाडता येत नाही.

आणि अग्निवीरांचा विषय तर पुढे येऊनच उभा आहे. 2022 च्या जूनमध्ये ही चार वर्षांच्या भरतीची योजना आली, तिच्यात पेन्शनच नाही, म्हणून अपंगत्वाचीही पेन्शन नाही. एकरकमी 100 टक्क्याला 44 लाख, 75 ला 25 लाख, 50 ला 15 लाख आणि उरलेल्या काळाचा पगार. 44 लाख ऐकायला मोठे वाटतात. वीस वर्षांचा मुलगा, पुढची पन्नास वर्षं, भागिले करा, महिन्याला सात हजार तीनशेच्या आसपास येतात. बँकेत ठेवले तर व्याज येईल हे खरं, पण त्या घरात एकदम एवढे पैसे आले की बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, कर्ज, नातेवाइकांचे हात, आणि पाच वर्षांनी मुलगा खाटेवर आणि खातं रिकामं. महिन्याची पेन्शन याच्यासाठीच असते, ती कुणाला एका दिवसात काढून नेता येत नाही. त्याच बंकरमध्ये शेजारी बसलेल्या रेग्युलर जवानाला त्याच स्फोटात तीच जखम झाली तर त्याला आयुष्यभर पेन्शन, आणि त्याच्यानंतर घरच्यांनाही आधार. पहिल्या बॅचची चार वर्षं 2026 च्या अखेरीकडे पुरी होतात, म्हणजे यातले जखमी आता गावोगावी परत यायला लागणार, आणि सातारा, कोल्हापूर, सांगली, बुलढाणा, नगर या पट्ट्यातल्या कितीतरी गावांना हा प्रश्न चावडीवरच भेटणार.

कायद्यात फार काही मोठं लिहायचं नाहीये. भरतीला निरोगी होता तर निरोगीच होता असं धरायचं आणि उलटं सिद्ध करायचं ओझं सरकारवर, हे 1982 चं वाक्य परत आणा आणि ते पत्राने पुसता येणार नाही अशा जागी ठेवा. बोर्डाने कारणं जवानाच्या भाषेत लेखी दिलीच पाहिजेत, रकाना रिकामा असेल तर निकाल आपोआप जवानाच्या बाजूने. युनिफॉर्म घालून ट्रेनिंग सुरू झालं त्या दिवसापासून कॅडेट, रिक्रूट, अग्निवीर सगळे एकाच व्याख्येत. ते सर्टिफिकेट रद्द, आणि ज्यांनी पूर्वी सही केलीये त्यांच्या बाबतीतही ते निरर्थक. ट्रिब्युनलने जवानाच्या बाजूने निकाल दिला तर अपील चालू असतानाही पैसे सुरू. रक्कम महागाईबरोबर वाढणारी. आणि 1985 पासूनच्या त्या सगळ्या मुलांना मागच्या तारखेपासून, कारण 500 लोकांचा खर्च या देशाच्या डिफेन्स बजेटमध्ये शोधूनही सापडणार नाही.

लोकसभेत महाराष्ट्राचे 48 खासदार आहेत, गोव्याचे 2. शुक्रवारी दुपारी मंत्री नसलेल्या कुणाही खासदाराला स्वतःचं, म्हणजे अशासकीय, विधेयक मांडता येतं, त्याला पक्षाची परवानगी लागते असा घटनेत कुठे नियम नाही. असं विधेयक 1970 नंतर एकही पास झालेलं नाही हे मला माहितीये. पण चर्चेला आलं की संरक्षण खात्याच्या मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, रेकॉर्डवर, की कॅडेटला पेन्शन का नाही आणि तो रकाना रिकामा का असतो. निवडणुकीत शहीद जवानांच्या फोटोला हार घालणारे सगळ्या पक्षांत आहेत, त्यांच्या ऑफिसात जा आणि विचारा की हे विधेयक पुढच्या सेशनला तुम्ही मांडताय का, आणि नसाल मांडत तर का नाही ते लेखी द्या.